धोतर वाळेपर्यंतची कैद

माझ्या हातून आजवर ज्या चुका झाल्या, त्या सगळ्या पूर्ण विचारांती झाल्या. घाईगडबडीत, रागाच्या भरात किंवा कुणाच्या नादी लागून मी कधी चुकलो नाही. चुकायच्या आधी मी अभ्यास करतो, टिपणं चाळतो, दोन्ही बाजूंचा विचार करतो आणि मग शांत चित्तानं नेमकी चुकीची बाजू धरतो. हे कसब फार थोड्या लोकांपाशी असतं.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. सांगलीला कायद्याचं शिक्षण उरकून मी साताऱ्यात एका बुजुर्ग वकिलांच्या हाताखाली नुकताच रुजू झालो होतो. काळा कोट नवा होता आणि पँट बेलबॉटम होती. पँटच्या तळाचा घेर एवढा, की चालताना पुढचा पाय कुठं पडतोय ते मला दिसत नसे. सीनियरांनी पहिल्याच दिवशी तिच्याकडं बघून विचारलं होतं, "यात पक्षकारही बसवून आणता येतील, नाही का?"

त्या पावसाळ्यात माझ्या मामाच्या गावच्या सोसायटीच्या चेअरमनकीची निवडणूक लागली आणि मामा उभा राहिला. मामाचं गाव कृष्णाकाठचं, उसाचं, आणि दर तिसऱ्या घरातला एक माणूस पलटणीत. पंच अकरा. पाच मामाच्या बाजूला, पाच समोरच्या गटाकडं आणि मधला अकरावा म्हणजे हवालदार. पलटणीतून निवृत्त होऊन गावी आलेला, सहा फुटी, मिशा इस्त्री केल्यासारख्या. दोन्ही गट त्याच्या ओट्यावर बसून उठले, हवालदारानं दोघांनाही चहा पाजला आणि दोघांनाही एकच उत्तर दिलं, "मत शुक्रवारी द्यायचंय न्हवं? मग शुक्रवारीच कळंल की."

आता आमच्याकडची एक रीत सांगायला हवी. असा काठावरचा पंच असला, की त्याला मतदानापर्यंत 'सहली'ला न्यायचा. कुणी पन्हाळ्याला नेतं, कुणी गोव्याला. खायचं-प्यायचं चांगलं, राहायचं चांगलं. फक्त परतीची गाडी मतदानाच्या दिवशीच. याला कुणी वाईट म्हणत नाही. उलट ज्याला सहलीला कुणी नेलं नाही, तो पंच जन्मभर हिरमुसला राहतो.

मामानं मला साताऱ्याहून बोलावून घेतलं आणि सोमवारी माझ्यासमोर हवालदाराला म्हटलं, "हवालदार, जरा म्हाबळेश्वर बघून या. आमच्या वळखीच्या शेठचा बंगला मोकळा हाय."

हवालदार म्हणाला, "येतो. पर गुरवारी मला मिरजंला सोडायचं. मंडळीच्या डोळ्याची पट्टी निघायचीय, चार वाजता. पट्टी सुटल्यावर पैलं त्वांड माजं दिसंल, असा शबुद दिलाय तिला."

ही पट्टीची गोष्ट सगळ्या गावाला ठाऊक होती. त्याच्या बायकोला दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. तीन वर्षं ती घरात भिंत चाचपत वावरत होती. मिरजेच्या एका दवाखान्यात ऑपरेशन झालं होतं, थोरली लेक जवळ होती, आणि ती माउली पट्टीखाली अंधारात दिवस मोजत पडली होती. नवरा पलटणीत असताना अर्धं आयुष्य तिनं त्याचं तोंड न बघता काढलेलं. तो कायमचा घरी आला तेव्हा हिची दृष्टी गेली. म्हणून तो शब्द.

"सोडतो की," मामा म्हणाला. "आपली जीप हाय न्हवं?"

मग मामानं मला गोठ्यामागं नेलं आणि आवाज उतरवला. "गुरवारी सोडायचं न्हाई. समोरची पार्टी मिरजंत टपून बसलीया. हवालदार दवाखान्यात शिरला की गेलाच तिकडं. शुक्रवारी सकाळी मी जीप धाडतो, तवर तू सांभाळ."

"त्याला कोंडून ठेवू म्हणता?"

"कोंडू नगंस. कायद्यानं काय ते कर. उगा वकील केलाय व्हय तुला?"

मामानं असं म्हटलं आणि माझी छाती फुगली. कायद्यानं कोंडायचं! सांगलीच्या अख्ख्या वर्गात हा प्रश्न माझ्याइतका कुणाला पाठ नव्हता. माणसाला बेकायदा अडकवणं हा फौजदारी गुन्हा तर आहेच, पण ते दिवाणी अपकृत्यही आहे. म्हणजे पोलिसांनी काही केलं नाही तरी अडकलेला माणूस स्वतः दावा लावून भरपाई मागू शकतो. आणि तसं ठरायला काय लागतं? माझ्या टिपणात स्पष्ट होतं : 'चारी बाजूंनी अडवणूक पाहिजे. एक वाट मोकळी असेल तर अटकाव नाही.' बास. त्याखाली तेलाचा मोठा डाग होता. टिपणं मूळ माझ्या एका वर्गमित्राची. तो त्या तासाला मध्येच उठून भडंग आणायला गेला होता. परत आल्यावर त्यानं वहीवर पुडी सोडली. म्हणजे त्या विषयातला माझा अभ्यास भडंगापर्यंत झाला होता. पुढं आणखी काही असेल अशी शंकाही मला कधी आली नाही, कारण परीक्षेत मी तेवढ्यावरच पास झालो होतो.

तेव्हा मी ठरवलं : कुलूप लावायचं नाही. कडी घालायची नाही. अंगाला हात लावायचा नाही. दार सताड उघडं ठेवायचं.

जीपनं आम्हाला सोमवारी संध्याकाळी महाबळेश्वरला सोडलं आणि ती परत गेली. पाऊस असा, की बंगल्याच्या फाटकापासून दारापर्यंत जाईस्तोवर दोघंही चिंब. हवालदाराजवळ एका पिशवीत एकच बदलीचा जोड होता. त्यानं तो घातला आणि भिजलेला दोरीवर टाकला. मंगळवारी सकाळी तो ओसरीवर पाऊस बघत बसला होता. मी अत्यंत आपुलकीनं म्हटलं, "हवालदार, धोतर मळलंय हो. द्या, धुवायला टाकतो. आणि तो फेटाही द्या, कोट द्या. सगळंच एकदा स्वच्छ करून घेऊ."

"आवं भाचं, कशाला?"

मामाच्या गावात मी सगळ्यांचा भाचा. वकील मी साताऱ्यात. तिथं फक्त भाचा.

"मिरजेला जाणार ना परवा? मामींना नवे डोळे आल्यावर मळका नवरा दाखवायचा का?"

हे वाक्य मी तोंडातून काढलं, याची मला त्या वेळी लाज नव्हती. उलट कौतुक वाटलं. हवालदार मिशीतल्या मिशीत हसला आणि त्यानं सगळं काढून दिलं. अंगावर राहिलं बनियन, लंगोट आणि बंगल्यातलं एक ब्लँकेट.

बंगल्याचा रखवालदार तिथलाच, वय झालेला. मी त्याच्यापुढं कपड्यांचा ढीग टाकला तेव्हा तो माझ्याकडं बघतच राहिला. "साहेब, आत्ता धुवायचं? इकडं जूनात धुतलेलं दिवाळीला वाळतं."

"असू दे."

"मग शेगडीवर वाळवतो. वर वेताचं डालगं उपडं घालून कापडं पसरली की तासाभरात खडखडीत."

"नको, नको. जळतील. दोरीवरच टाका."

पुढं कोर्टात साक्ष व्हायची असती तर या एका वाक्यानं माझा निकाल लागला असता. पण मी खूष होतो. दार उघडं, फाटक उघडं, कुणी अडवलेलं नाही, आणि हवालदार ब्लँकेटात. सह्याद्रीच्या ढगांनी माझं वकीलपत्र घेतलं होतं.

मंगळवार हवालदारानं ओसरीवर पाऊस बघत काढला. बुधवारी सकाळपासून त्यानं दोरीशी खेटे घालायला सुरुवात केली. धोतराचं टोक चिमटीत धरायचा, पिळायचा, पाणी गळायचं. दुपारी त्यानं मला हाक मारली.

"भाचं, ही कापडं काय वाळत न्हाईत गड्या."

"हवाच तशी आहे."

"शेगडी पेटवाय सांग की."

"कोळसे ओले आहेत म्हणतो रखवालदार."

"आन जीप कवा येणार?"

"येईल की. रस्त्यावर दरड आली असेल तर थोडं मागंपुढं."

हवालदारानं ब्लँकेट आवळून घेतलं. पलटणीत शिपायांची खोटी रजा-कारणं ऐकून ऐकून त्याचे कान तयार झालेले होते, हे मला कळायला हवं होतं. "भाचं, मला सरळ सांग. उद्या मला सोडणार हायसा का न्हाई?"

"तुम्हाला कुणी धरलंय का?" मी दोन्ही हात पसरून म्हणालो. "दार बघा, उघडं आहे. फाटक उघडं आहे. एस.टी. स्टँड दहा मिनिटांवर. तुम्ही आत्ता जा. मी अडवलं तर सांगा!"

हवालदारानं उघड्या दाराकडं बघितलं, मग स्वतःच्या ब्लँकेटाकडं, आणि मग माझ्या काळ्या कोटाकडं. म्हणाला, "व्हय. दार उघडं हाय खरं." आणि आत जाऊन भिंतीकडं तोंड करून पडला.

मला वाटलं, पटलं. सांगलीचं शिक्षण वाया गेलं नाही.

त्या संध्याकाळी मी सिगारेटसाठी बाजारात गेलो आणि भिजून आलो. सोमवारच्या जोडाशेजारी माझा दुसराही जोड दोरीवर गेला. उरला एक : बेलबॉटम, शर्ट आणि काळा कोट. (कोट महाबळेश्वरला कशाला नेला होता, असं कुणी विचारील. छाप पडावी म्हणून. पाऊस आणि माकडं सोडून तिथं छाप पाडायला कुणी नव्हतं.)

गुरुवारी सकाळी हवालदार माझ्याआधी उठलेला. बंब पेटलेला होता. "भाचं, पाणी चांगलं तापलंय, आंघूळ उरकून घे," तो म्हणाला. इतका प्रेमानं बोलला, की मला भरून आलं. बंगल्यातलं न्हाणीघर लहान. कपडे बाहेरच्या खुंटीला टांगायचे. टांगले. पंचाही तिथंच ठेवला. आत जाऊन मी गाणं गुणगुणत अंगाला साबण लावला. आंघोळीला मी नेहमीच वेळ घेतो. शुद्ध मनाच्या माणसाला घाई नसते.

पंच्यासाठी हात बाहेर काढला तर हाताला खुंटी लागली. नुसती खुंटी.

"हवालदार!"

पाऊस.

"अहो हवालदार!"

रखवालदाराच्या बायकोचा आवाज मागच्या अंगणातून आला, "ते कवाच गेले. पहिली गाडी धरायची म्हणाले." आणि मग थोड्या वेळानं, हसू दाबत, "लई रुबाबदार दिसत होते."

ब्लँकेट तरी? ब्लँकेट त्यानं शिस्तीत घडी घालून माझ्या खाटेवर ठेवलं होतं. खाट ओसरीपलीकडच्या खोलीत, आणि ओसरीवर रखवालदाराची बायको तांदूळ निवडत बसायला आलेली. ही बाई तिथून तासभर हलली नाही. रखवालदार बाजारात गेलेला. माझ्याजवळ न्हाणीघरात होती एक साबणाची वडी आणि एक तांब्या.

तिथं, बंबाच्या उबेत, मी पहिल्यांदा कायद्याचा नीट अभ्यास केला. न्हाणीघराला कडी होती ती आतून. बाहेरून मला कुणी कोंडलं नव्हतं. दार ढकललं की उघडणार होतं. फटीतून समोरचं मोठं दार दिसत होतं, त्यापलीकडं फाटक, फाटकापलीकडं रस्ता. सगळं सताड उघडं. मी जाऊ शकत होतो. मला कुणी धरलं नव्हतं. काल हेच मी एका म्हाताऱ्या माणसाला दोन्ही हात पसरून ऐकवलं होतं. आता ते हात पसरायचीही मला सोय नव्हती.

आणि त्या तासात मला दुसरीही एक गोष्ट कळली, जी जरा कमी गमतीची होती. हवालदार दोन दिवस त्या ब्लँकेटात बसून फक्त गाडीचा हिशेब करत होता. साताऱ्याला कधी, तिथून मिरजेला कधी, चार वाजायच्या आत की नंतर. आणि मी बाहेर ओसरीवर सिगारेट ओढत होतो.

अखेर रखवालदार आला. मला ब्लँकेट देताना त्यानं तोंड फिरवून घेतलं, सभ्य माणूस. त्यानं शेगडी पेटवली, वर वेताचं डालगं उपडं घातलं आणि माझी पँट त्यावर पसरली. तासाभरात खडखडीत वाळली. "मंगळवारीच म्हणलो होतो," तो एवढंच बोलला.

मी हवालदाराचे कपडे वाळवून, घडी करून पिशवीत घातले आणि गावाला निघालो.

मिरजेत काय झालं ते मला पुढं त्या लेकीनं सांगितलं. पाऊस, दरड, साताऱ्याला चुकलेली गाडी. हवालदाराला पोचायला सहा वाजले. डॉक्टर चारला आले होते. त्यांनी पट्टी सोडली आणि म्हणाले, "हं, आजी, उघडा डोळे." मामींनी डोळे उघडले नाहीत. घट्ट मिटून बसल्या.

"अहो उघडा, दिसतंय का बघू!"

"मालक आल्याबिगर न्हाई."

डॉक्टर रागावले, नर्स रागावली, लेक रडकुंडीला आली. शेजारच्या खाटांवरच्या बाया जमल्या. मामी ढिम्म. "तीन वरीस दिसत न्हवतं तवा कुणाला घाई न्हवती. आता दोन घटकंत काय बिघडतंय?" डॉक्टर पाय आपटत पुढच्या वॉर्डात गेले. ती बाई दोन तास, मोकळ्या डोळ्यांवर पापण्या दाबून, दाराकडं तोंड करून बसली. पायांचा आवाज आला की लेकीला विचारायची, "ह्ये का?" लेक म्हणायची, "न्हवं."

सहा वाजता हवालदार दारात उभा राहिला. पोटऱ्यांपर्यंतच आलेली बेलबॉटम, खाली घेर फडफडतोय. दंडांत तटतटलेला काळा कोट. डोक्याला फेटा म्हणून माझा पंचा, लाल काठाचा. तो खाटेजवळ गेला आणि म्हणाला, "आलो गं. उघड."

मामींनी डोळे उघडले. बराच वेळ बघितलं. मग लेकीकडं वळून भेदरून म्हणाल्या, "अगं, ह्यो वकील कशाला आणलासा? मी काय गुन्हा केलाय?"

सगळा वॉर्ड हसला. मग हवालदार पुन्हा बोलला, आवाज त्या वकिलातूनच येतोय हे मामींना उमगलं, आणि हसणं थांबलं. लेक म्हणाली, पुढचं मला सांगता येत न्हाई. मीही विचारलं नाही.

शुक्रवारी मतदान. मामा दिसेल त्याला ऐकवत होता. "उघडं दार ठिवून सांभाळतोय म्हणं! आरं, शेळीबी बांधून घालत्यात!" समोरची पार्टी गुलाल घेऊनच आली होती, मिरजेत म्हणे त्यांचे लोक दिवसभर हवालदाराला शोधत होते आणि बेलबॉटममधला वकील त्यांच्यासमोरून दोनदा गेला तरी त्यांनी ओळखला नाही. हवालदार वेळेवर आला, त्याच वेशात. हात वर करून मतदान होतं. मामाचं नाव पुकारलं. पाच हात वर झाले आणि मग काळ्या कोटाचा सहावा.

मामा धावत गेला. "हवालदार! आवं, मग आधी का न्हाई सांगितलंसा?"

"इचारलं हुतंसा तवा शुक्रवार हुता का?" हवालदार म्हणाला. "ठरल्यालं हुतं ते दिलं. त्यात बदल कशाला? तुज्या भाच्याचं येगळं हाय. त्याच्याशी मी साताऱ्यात बोलतो."

मी त्याच्या कपड्यांची पिशवी त्याच्यापुढं ठेवली आणि दुपारची साताऱ्याची गाडी धरली.

तो पुढच्याच आठवड्यात सीनियरांच्या ऑफिसात आला. आता स्वतःच्या धोतरात, फेट्यात. माझा कोट आणि पँट धुऊन, कडक इस्त्री करून आणली होती. माझ्या हातात न देता त्यानं ती टेबलावर ठेवली आणि सीनियरांना म्हणाला, "मला दावा लावायचाय. ह्या भाच्यावर."

सीनियरांनी सगळं ऐकून घेतलं. ब्लँकेटचं ऐकताना त्यांनी चष्मा काढून पुसला. न्हाणीघराचं ऐकताना पुन्हा पुसला. मग मला म्हणाले, "बसा. नोटीस लिहायला घ्या."

"मी? माझ्यावर?"

"तुमचं अक्षर चांगलं आहे."

मी बसलो. पण मीही काही कच्चा नव्हतो. "सर, दार उघडं होतं. चारी बाजूंनी अडवणूक नाही, म्हणजे अटकाव नाही."

"हे कुठं वाचलंत?"

"टिपणात."

"आणि पुढं?"

"पुढं भडंग होतं."

त्यांनी कपाटातून जाडजूड ग्रंथ काढून माझ्यापुढं ठेवला. डागाखालचा मजकूर मला तिथं सापडला. मोकळी वाट ही माणसाला इजा न होता, अब्रूनिशी वापरता आली पाहिजे. नाहीतर ती वाटच नाही. कपडे काढून घेऊन उघड्या दारात बसवलेला माणूस आणि कुलूप लावून कोंडलेला माणूस, कायद्याला सारखेच.

"पण ते स्वखुशीनं आले होते."

"आले स्वखुशीनं. जायचं म्हणाले तिथं खुशी संपली. पुढचा सगळा अटकाव."

"माझा वाईट हेतू नव्हता! मामाचं काम होतं."

"वैर असावं लागत नाही. अडवायचं होतं ना? शेगडी नको म्हणालात ना? पुरे."

"अंगाला बोटसुद्धा लावलं नाही."

"लावावं लागत नाही."

"त्यांचं नुकसान काय झालं? पोचलेच ना शेवटी!"

"नुकसान दाखवावं लागत नाही," सीनियर म्हणाले. "माणसाची मोकळीक काढून घेतली हेच नुकसान. घटकाभर असली तरी. लिहा."

मी शेवटचा हुकमी पत्ता काढला. "मग सर, माझाही उलट दावा आहे. त्यांनी माझे कपडे नेले. मी न्हाणीघरात तासाभरापेक्षा जास्त अडकलो होतो. पंचासुद्धा नेला!"

हवालदार खुर्चीत सरळ झाला. "लाव की रं! खुशाल लाव. जज्जापुढं दोगंबी हुबं ऱ्हाऊ. तू सांग तुज्यावर काय बितली. जे जे सांगशील त्याच्याखाली मी निसता अंगठा उठवतो, माजाबी दावा त्योच."

सीनियर एवढे हसले, की शेजारच्या ऑफिसातले दोघं बघायला आले. माझा प्रत्येक शब्द माझ्याच विरुद्ध पुरावा होणार, एवढं मलाही कळलं. मी नोटीस लिहिली. सुवाच्य अक्षरात, स्वतःचं नाव, पत्ता, 'आपण जाणूनबुजून' वगैरे. भरपाईच्या जागेपाशी थांबलो. "किती लिहू?"

"पैसं नगंत," हवालदार म्हणाला. "पैली तिच्याम्होरं ये. ती म्हणंल ते लिव."

त्या रविवारी मी गेलो. मामी ओट्यावर बसल्या होत्या, जाड भिंगांचा नवा चष्मा लावून. भिंगांमागं डोळे हे एवढे मोठे. त्या डोळ्यांनी त्यांनी मला डोक्यापासून बेलबॉटमच्या घेरापर्यंत बघितलं. कोर्टात मी पुढं बरीच वर्षं उभा राहिलो, पण असा उलटतपास कधी झाला नाही.

"दार उघडं हुतं म्हणं?" त्यांनी विचारलं.

"होय मामी."

"माजीबी पट्टी काढल्याली हुती बाबा. दोन तास."

बोलायला चौदा मुद्दे तयार करून गेलो होतो, ते खिशातच ठेवले. शेवटी म्हणालो, "मामी, चुकलो. शेगडीवर तासाभरात वाळले असते. मीच नको म्हणालो."

"हां," मामी म्हणाल्या. "आता खरं बोललास." मग जरा पुढं झुकून, "म्हाबळेश्वर कसं हाय रं? ह्येंनी दोन दिस तिथं काडलं, पर धुक्याबिगर काय बघिटलं न्हाई म्हणत्यात. मी तर कवाच न्हाई बघिटलं. आता दिसतंय मला."

हवालदार माझ्याकडं बघत मिशी पिळत होता. "लिव की भाचं. नोटिशीत जागा हाय न्हवं?"

दिवाळीनंतर, आभाळ स्वच्छ झाल्यावर, मी मामाची जीप घेऊन दोघांना वर नेलं. बंगला तोच, रखवालदार तोच. मामी कड्याच्या कठड्याला धरून उभ्या राहिल्या आणि खालची दरी, पलीकडचे डोंगर, त्यामागचे डोंगर बोटानं मोजू लागल्या. हवालदार शेजारी उभा राहून चुकीची नावं सांगत होता. त्यालाही ठाऊक नव्हती. मी दोनदा म्हटलं, थंडी वाढतेय, निघू या. दोघांनी ऐकलं नाही. अंधार पडेपर्यंत मी तिथंच उभा राहिलो. निघायचं कधी, ते या खेपेला त्यांनी ठरवायचं होतं.

बंगल्यावर आल्यावर रखवालदारानं बंब पेटवला. हवालदार अगदी प्रेमानं म्हणाला, "भाचं, पाणी चांगलं तापलंय. आंघूळ उरकून घे."

मी म्हटलं, "आधी तुम्ही." आणि तिथं होतो ते दोन दिवस मी आंघोळ केली नाही.